सव्वाआठची साक्ष

१

पुठ्ठ्याची पेटी जागेवर होती, तिच्यावरची चिठ्ठी जागेवर होती, फक्त आतली पिवळी फाइल नव्हती. गुरुवारी सकाळी साडेनऊला कादंबरीच्या हे लक्षात आलं आणि दुपारी बारापर्यंत अख्ख्या संस्थेनं चोर कोण ते ठरवूनही टाकलं. चोर म्हणजे कादंबरीच.

शुक्रवारी दुपारी ती आमच्या स्वयंपाकघरात बसून हे सांगत होती. डोळे सुजलेले, समोरचा चहा गार झालेला. कादंबरी भोईटे मूळची साताऱ्याची, वय सत्तावीस, ब्राउनश्वाइगच्या लोहमान संस्थेत डॉक्टरेट करते. तिचा विषय पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला जांभई आली होती: जर्मनीच्या केंद्र सरकारनं रस्त्यांना पैसा कसकसा दिला, त्याचा इतिहास. मग एकदा तिनं सांगितलं, की साठ साली कायदा करून पेट्रोलवरच्या कराचा एक वाटा रस्त्यांसाठी राखून ठेवला गेला, आणि तो आपल्या गावाकडे वळवायला लोकांनी काय काय उचापती केल्या. तेव्हा माझी जांभई मिटली. त्यात महिन्यापूर्वी, म्हणजे २००५ च्या एक जानेवारीला, ऑटोबानवर ट्रकांना टोल सुरू झाला होता. पोरीच्या विषयाला एकदम भाव आला होता.

हरवलेली फाइल एका दिवंगत सरकारी अधिकाऱ्याची होती. ग्रोसनलोह नावाच्या गावाला वळसा घालणाऱ्या रस्त्यासाठी १९६५ साली केंद्राचा पैसा कसा मंजूर झाला, त्याचे कागद. अधिकाऱ्याच्या मुलीनं ते विश्वासानं वाचायला दिले होते. आता ती म्हणत होती, सोमवारी दुपारपर्यंत फाइल मिळाली नाही तर पोलिसांत जाईन.

"सोमवारी बारालाच समिती बसणार आहे," कादंबरी म्हणाली. "माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचं की नाही ते ठरवायला. कॉन्ट्रॅक्ट नाही तर आउफेंटहाल्ट नाही, इथे राहायची परवानगीच नाही, मोहनदादा. मार्चअखेर परत जायचं. तीन वर्षांचं काम इथेच टाकून, आणि तेही चोर म्हणून."

माझी बायको सुलेखा शेजारी बसून ऐकत होती. आम्ही दोघंही गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. मी भाग बनवतो. तो तुटला की का तुटला ते ती शोधते. घरात कप फुटला तरी ती आधी तुकडे बघते, मग माझ्याकडे.

"तुझ्यावरच का?" तिनं विचारलं.

कादंबरीनं पर्समधून साक्षीचा एक टाइप केलेला कागद काढला. प्रोटोकोल. इमारतीची देखभाल करणारे हाउसमाइस्टर क्रेचमार यांनी गुरुवारी ८.१५ वाजता वाचनखोलीत पिवळी फाइल काखेत घेतलेली एक व्यक्ती खिडकीतून पाहिली. चेहरा दिसला नाही.

"आणि गुरुवारी सव्वाआठला त्या खोलीत कोण होतं?" सुलेखानं विचारलं.

"मी," कादंबरी म्हणाली. "मी एकटीच होते, ताई. रजिस्टरमध्ये आठ-पाचची सही पण आहे माझी."

२

गुरुवारी कादंबरी आठ-पाचला पोचते, कारण त्याआधी ती आमच्याकडे असते. सुलेखाची शिफ्ट साडेसहाला सुरू होते आणि मला साडेसातची गाडी गाठायची असते, म्हणून दर गुरुवारी ही सातला येते, पोहे खाते आणि आमच्या उर्जाला शाळेत सोडून पुढे जाते. नऊ वर्षांची मुलगी एकटी जाऊ शकते, असं सगळं जर्मनी म्हणतं. सुलेखा म्हणत नाही.

तर त्या शुक्रवारी दुपारीच आम्ही तिघं संस्थेत गेलो. जुनी दुमजली इमारत, मागे अंगण, अंगणात गुडघाभर बर्फ. क्रेचमार तिथेच फावडं घेऊन उभा होता. साठीचा, लालबुंद नाकाचा, ड्रेस्डेनकडचा माणूस. त्याचे उच्चार असे मऊ आणि गिळलेले, की मला अर्धं कळलं, अर्धं मी कळल्यासारखं केलं.

"कचऱ्याचे डबे ओढत होतो," तो म्हणाला. "वाचनखोलीतला दिवा लागलेला, इथे बर्फावर पिवळाधमक चौकोन पडला होता. म्हणून वर पाहिलं. कोट घातलेलं कोणीतरी कपाटाशी उभं, पाठ माझ्याकडे. काखेत फाइल. बाई की पुरुष, देवाची शपथ, नाही सांगता येणार."

"किती वाजता?" सुलेखानं विचारलं.

"फिअर्टल आख्ट."

फिअर्टल म्हणजे पाव, आख्ट म्हणजे आठ. सव्वाआठ. कागदावरही तेच. कादंबरीनं मान खाली घातली. सुलेखा मात्र बर्फाकडे बघत राहिली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. तो पिवळा चौकोन मला खुपतोय. का ते कळत नाही."

वर ऑफिसात फ्राऊ टीट्से होत्या, संस्थेच्या सेक्रेटरी. जन्म ब्राउनश्वाइगचा, आणि शहराबाहेरच्या कोणावर फारसा विश्वास नाही. वाचनखोलीच्या तीनच किल्ल्या आहेत, असं त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं: एक त्यांच्याकडे, एक प्रोफेसर एबर्ले यांच्याकडे आणि एक, इथे त्यांनी नुसतं कादंबरीकडे पाहिलं.

"तुम्ही गुरुवारी कधी आलात?"

"रोजच्यासारखी. बस सात-चाळीसला येते. क्रेचमारनी दाराशी गुड मॉर्निंग केलं, विचारा त्यांना. सव्वाआठला मी टपाल घेत होते, पोस्टमन साक्षीला आहे."

"आणि हा प्रोटोकोल तुम्ही क्रेचमारना विचारून टाइप केलात?"

"मी कशाला विचारू? त्यांचं ते ड्रेस्डेनकडचं सॅक्सन बोलणं मला कळत नाही. प्रोफेसर त्यांच्याशी बोलले, चिठ्ठीवर मुद्दे लिहून आणले, ते मी टाइप केले. सहीला नेलं तर क्रेचमारकडे चष्मा नव्हता. तशीच सही ठोकली त्यांनी."

मग त्या पुढे वाकल्या आणि आवाज बारीक केला. "तुमच्या त्या दुसऱ्या मुलाला विचारा. गुरुवारी तो अख्खा दिवस गायब होता. आणि समितीसमोर जागा एकच आहे."

३

दुसरा मुलगा म्हणजे हृषिकेश. नाशिकचा, कादंबरीबरोबरच इथे आलेला. पण त्याच्याकडे जाण्याआधी प्रोफेसर एबर्ले यांनीच आम्हाला आत बोलावलं.

मला माणूस आवडला, हे आधीच कबूल करतो. बासष्ट वर्षांचा, उंच, पांढरेशुभ्र केस, आवाजात माया. स्वतःच्या हातानं कॉफी दिली. मी दक्षिणेत बॉबलिंगेनला चार वर्षं नोकरी केली असं कळताच खुलला.

"मी तिथलाच. शेजारच्या खेड्यातला. अठरा वर्षांचा होईपर्यंत गावाबाहेर पडलो नव्हतो. कसं वाटलं आमचं श्वाबेन?"

"जेवण उत्तम," मी म्हणालो. "घरं मिळणं कठीण. एक तर अगदी हातातोंडाशी आलेलं गेलं. मालकानं संध्याकाळी बोलावलं, मी मिनिटाचाही उशीर न करता पोचलो, तर तो दारातच ओरडला की तासभर वाट पाहून दुसऱ्याला दिलं. आजतागायत कळलं नाही काय चुकलं ते."

प्रोफेसर मनापासून हसले. "श्वाबेनचे लोक चमत्कारिक असतात खरे."

मग गंभीर झाले. पोलिसांना बोलवायला त्यांनीच आतापर्यंत नको म्हटलं होतं. कादंबरीकडे वळून ते म्हणाले, "फाइल तुमच्या घरी चुकून गेली असेल, तर सोमवारी सकाळी गुपचूप आणून ठेवा. मी एक शब्द विचारणार नाही."

"माझ्याकडे नाहीये, सर."

"क्रेचमारनी पाहिलं तेव्हा मी खाली चाळीस विद्यार्थ्यांसमोर शिकवत होतो. आठचा तास. नाहीतर मीच वर गेलो असतो आणि हा प्रश्नच उरला नसता."

बाहेर आल्यावर सुलेखानं कादंबरीला विचारलं, "त्या फाइलमध्ये असं होतं तरी काय?"

"पत्रव्यवहार. आणि वाहनं मोजल्याचे फॉर्म, ताई. रस्त्यावरून दिवसाला इतकी वाहनं गेली तरच पैसा मिळायचा, म्हणून विद्यार्थ्यांना नाक्यावर बसवून मोजायला लावायचे. मी बुधवारी कॉफीच्या वेळी सगळ्यांना त्यातल्या गमती सांगितल्या, कुणाकुणाच्या सह्या आहेत त्यासुद्धा. सगळे होते. सर, फ्राऊ टीट्से, हृषिकेश."

"हृषिकेश काय म्हणाला?"

"काहीच नाही. तो आठवडाभर माझ्याशी नीट बोलतच नाहीये."

४

शनिवारी सकाळी हृषिकेशनं दार अर्धंच उघडलं. त्याच्या खोलीत दोन खोकी बांधून ठेवलेली होती. ती बघून कादंबरीचा चेहरा उतरला.

"गुरुवारी कुठे होतास?" सुलेखानं थेट विचारलं.

"ताई, ते मी सांगू शकत नाही."

"तुझ्याकडे वाचनखोलीची किल्ली नाही, हे खरं. पण कादंबरीची किल्ली तिच्या टेबलावरच पडलेली असते, आणि टेबल तुझ्या शेजारचं आहे."

तो एकदम बसला.  कादंबरीच बोलली. "हृषी, तुला ती जागा हवी होती तर सांगायचंस. मी भांडले असते, पण चोर म्हणवून घेतलं नसतं."

"मला नकोय ती जागा," तो म्हणाला, आणि त्यानं पाकीट काढून एक तिकीट टेबलावर ठेवलं. गुरुवार, तीन फेब्रुवारी, हॅम्बर्ग. सहा-पन्नासची गाडी, त्यावर तिकीट तपासनिसाचा शिक्का. "इंटरव्ह्यू होता. विमानांच्या कंपनीत. कॉन्ट्रॅक्ट आलं कालच. सरांना अजून सांगितलं नाही, बाबांना तर नाहीच. त्यांना वाटतं मी डॉक्टर होऊनच घरी येणार. आल्झो, तर हो, लपवलं. पण हे लपवलं, फाइल नाही."

कादंबरीनं ते तिकीट उलटसुलट पाहिलं आणि रडायला लागली. ते रडणं सुटकेचं होतं की भीतीचं, मला कळलं नाही. हृषिकेश निर्दोष ठरला याचा तिला आनंद होता. पण आता सव्वाआठला एकच नाव उरलं होतं, आणि ते तिचं होतं.

 घरी येताना सुलेखा जिन्यात थांबून म्हणाली, "मोहन, मला तिच्याबद्दल खात्री आहे. पण समितीला माझ्या खात्रीचा काय उपयोग?"

५

रविवारी दुपारी उर्जाला मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचं होतं. आमची लेक मराठीत सगळं समजते आणि जर्मनमध्ये उत्तर देते. तिच्याशी बोलणं म्हणजे भिंतीवर मराठी चेंडू मारायचा आणि जर्मन चेंडू झेलायचा.

"किती वाजता सोडायचंय गं तुला?" सुलेखानं कणीक मळता मळता विचारलं.

"हाल्प द्राय, ममा."

हाल्प म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. साडेतीन नव्हे. इतक्या वर्षांत हे आमच्या अंगवळणी पडलं होतं. "अडीचला," सुलेखा मला म्हणाली, "तू सोड." आणि तिचे हात कणकेतच थांबले.

"मोहन, अडीच म्हणजे काय?"

"दोन वाजून तीस मिनिटं. बरं वाटतंय ना तुला?"

"शब्द बघ. शाळेत संस्कृतच्या बाईंनी सांगितलं होतं. अर्धतृतीय, त्याचं झालं अडीच. म्हणजे तिसऱ्याचा अर्धा. दोन पुरे झाले, तिसरा अर्धा झाला. हे लोक हाल्प द्राय म्हणतात तेही तसंच, तिसऱ्या तासाचा अर्धा. आपण सव्वा आणि साडे म्हणताना मागच्या तासापासून मोजतो. अडीचला मात्र आपणही पुढच्या तासाचं नाव घेतो." तिनं हात तसेच कणकेनं भरलेले वर धरले होते. "मग फिअर्टल आख्ट कसलं पाव?"

"आठव्या तासाचं," मी म्हणालो. "म्हणजे सात-पंधरा."

"गेनाऊ," उर्जा म्हणाली, अगदी बरोबर. वर्गात एक ड्रेस्डेनचा मुलगा आहे, तो असंच बोलतो आणि सगळे त्याला हसतात, असंही तिनं जर्मनमध्ये ऐकवलं.

"पिवळा चौकोन," सुलेखा पुटपुटली. "सव्वाआठला उजाडलेलं असतं. दिव्याचा चौकोन बर्फावर दिसेल कसा? सव्वासातला मिट्ट काळोख असतो. मोहन, गुरुवारी सव्वासातला कादंबरी कुठे होती?"

"इथे. याच खुर्चीवर. पोह्यात मीठ कमी आहे म्हणून मला ऐकवत होती."

मी टाळी वाजवायच्या बेतात होतो. सुलेखा मात्र हसली नाही. हात धुऊन तिनं फोन उचलला आणि प्रोफेसर एबर्ले यांच्या घरचा नंबर लावला. माफी मागून, गोड आवाजात, ती जर्मनमध्ये एवढंच म्हणाली, की फाइलबद्दल महत्त्वाचं सांगायचं आहे, उद्या सकाळी फिअर्टल आख्ट चालेल का?

पलीकडून होकार आला.

"त्यांना का?" मी विचारलं. "त्यांना तर सव्वाआठचं..."

"उद्या सातला तयार राहा," ती म्हणाली. "आणि तुझ्या बॉबलिंगेनच्या घरमालकाला मनातल्या मनात सॉरी म्हण. त्यानंही तुला हेच शब्द सांगितले असणार."

६

सोमवारी सात वाजता आम्ही अंगणात उभे होतो. सुलेखा, कादंबरी आणि मी; उर्जाला शेजारी ठेवलं होतं. क्रेचमारनं आम्हाला आत घेतलं. अजून काळोख होता, थंडीनं माझे कान बधिर झाले होते. सुलेखा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. सात-दहा. सात-बारा. कादंबरीनं माझा हात घट्ट धरला होता.

सात वाजून चौदा मिनिटांनी बाहेरचं दार उघडलं. प्रोफेसर एबर्ले कोटावरचा बर्फ झटकत आत आले.

"छान," ते म्हणाले, "तुम्ही वेळेवर आहात."

"तुम्हीही," सुलेखा म्हणाली. "मी फिअर्टल आख्ट म्हटलं, आणि तुम्ही सव्वासातला आलात."

"अर्थात."

"अर्थात," ती म्हणाली. "आम्हाला तो सव्वाआठ वाटला. फ्राऊ टीट्सेंना क्रेचमारांचं बोलणं कळतच नाही. ही चूक आम्ही करू शकतो, त्या करू शकतात. श्वाबेनच्या खेड्यात जन्मलेला माणूस करू शकत नाही, कारण तुमच्याकडेही असंच म्हणतात. क्रेचमारांनी तुम्हाला फिअर्टल आख्ट सांगितलं. रजिस्टरमध्ये कादंबरीची सही आठ-पाचची होती. तुम्ही चिठ्ठीवर ८.१५ लिहिलं."

प्रोफेसरांनी टोपी काढली. 

"किल्ल्या तीन. सव्वासातला कादंबरी आमच्या घरी होती, माझा नवरा साक्षीला आहे. फ्राऊ टीट्से सात-चाळीसच्या बसनं आल्या, क्रेचमारांनी पाहिलं. तुमचा तास आठचा होता, प्रोफेसर. सातचा नव्हता."

 त्यांनी आपल्या खोलीचं दार उघडलं, आम्हाला बसवलं आणि स्वतःच्या बॅगेतून पिवळी फाइल काढून टेबलावर ठेवली.

"जाळायची होती," ते म्हणाले. "चार दिवस घेऊन फिरतोय. तीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगितलं, कागद नष्ट करू नका. हात धजला नाही."

सुलेखानं फाइल उघडली. ग्रोसनलोहचा नाका, सप्टेंबर १९६५. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर तासाचा रकाना, चार उभ्या रेघा आणि पाचवी तिरकी, पुन्हा चार आणि पाचवी. खाली सही: एल. एबर्ले. ती तुटलेले भाग बघते तसं तिनं ते पान उजेडात धरलं.

"सोळा तास," ती म्हणाली. "आणि सगळ्या रेघा सारख्या. माणूस रस्त्याकडे बघत मोजतो तेव्हा रेघ वाकडी जाते. दुपारी थकतो. इथे कोणी थकलेलंच नाही."

"मी नाक्यावर गेलोच नव्हतो," प्रोफेसर म्हणाले. "बावीस वर्षांचा होतो. एका मुलीला भेटायला गेलो आणि संध्याकाळी खाणावळीत बसून आकडे भरले. वाटलं, एका दिवसानं काय होतंय. त्याच आकड्यांवर केंद्रानं पैसा दिला. रस्त्यासाठी अकरा घरं पाडली. आणि इतकी नीटनेटकी मोजणी करणारा मुलगा म्हणून त्या अधिकाऱ्यानं मला पहिली नोकरी दिली." ते कादंबरीकडे वळले. "बुधवारी तुम्ही किती आनंदानं सांगितलंत. म्हणालात, 'सर, यात तुमची सही सापडली, मी आभाराच्या पानावर हे पहिलं लिहिणार.'"

कादंबरीनं त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. सर, तुम्ही माझं नाव का पुढे केलंत?"

"मी तुमचं नाव कुठेच लिहिलं नाही. मी फक्त वेळ लिहिली."

"त्या वेळेत मी एकटीच होते," ती म्हणाली. "ते तुम्हाला माहीत होतं."

 मला या माणसाचा राग यायला हवा होता आणि आलाही, पण समोर बसलेला म्हातारा बघून तो धड टिकेना. कादंबरीचा टिकला. तिनं पर्समधून प्रोटोकोल काढला, ८.१५ वर सरळ रेघ मारली, शेजारी ७.१५ लिहिलं आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी सही केली. यावेळी रेघ वाकडी गेली.

बाराला समिती बसली तेव्हा प्रोफेसर स्वतः आत गेले, तो कागद आणि ती फाइल घेऊन. एकला बाहेर आले ते थेट कोट घालून निघाले. फ्राऊ टीट्से लाल डोळ्यांनी कादंबरीकडे आल्या आणि तिच्या हातात कॉफीचा कप देऊन गेल्या. कॉन्ट्रॅक्ट आणखी दोन वर्षांसाठी वाढलं होतं.

दोन वर्षांनी प्रबंध छापून आला. पहिली प्रत आमच्याकडे आली. मी आधी आभाराचं पान उघडलं. सुलेखा होती, उर्जा होती, मीठ कमी असलेल्या पोह्यांसकट मी होतो, आणि अचूक वेळ सांगितल्याबद्दल क्रेचमार होता. प्रोफेसर एबर्ले यांचं नाव नव्हतं.

ते मला नंतर सापडलं, तिसऱ्या प्रकरणात, ग्रोसनलोहच्या तक्त्याखाली, बारीक टाइपात. ही मोजणी प्रत्यक्षात झालेली नाही, असं मोजणाऱ्यानं स्वतः लिहून दिलं आहे. पुढे नाव होतं, तारीख होती आणि वेळ होती: ७.१५.